जिनिंगच्या गावातून जयाबेन देसाईंचा अभ्यास करताना

मी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यातल्या एका लहान गावची. एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षी लघुशोधप्रबंधासाठी मी ब्रिटनमधील स्थलांतरित कामगार नेत्या जयाबेन देसाई यांचे जीवन हा विषय घेतला, तेव्हा लंडनच्या बाईचा अभ्यास इथे बसून कसा होणार, असे मला वर्गातही विचारले गेले आणि घरीही. अशाच विषयावर काम करू इच्छिणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

जन्म, गाव, प्रवास ही माहिती लवकर हाती लागते. जयाबेन यांचा जन्म 1933 मध्ये गुजरातमधील धर्मज येथे झाला. लग्नानंतर त्या आजच्या टांझानियात गेल्या आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस कुटुंबासह ब्रिटनला पोहोचल्या. आफ्रिकेत टायरच्या कारखान्यात व्यवस्थापक असलेल्या त्यांच्या पतीला तिथे साधी मजुरी पत्करावी लागली. जयाबेन यांनी आधी शिलाईकाम केले आणि पुढे वायव्य लंडनमधील ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात नोकरी धरली.

माझी पहिली मोठी चूक पुढच्याच प्रकरणात झाली. जयाबेन यांच्या नेतृत्वाखालचा ग्रनविकचा संप पगारवाढीसाठी झाला, असे मी गृहीत धरून लिहून टाकले होते. माझी आई पंधरा वर्षांपासून तालुक्याच्या गावी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, कामाला जाते. संध्याकाळी ती ओट्यावर बसून केसांत अडकलेली रुई बोटांनी काढत होती आणि मी तिला ते पान वाचून दाखवत होते. तिने मध्येच थांबवून विचारले, "पगाराचं मंग पाहू. तिले सुट्टीच्या टायमावर घरी जाऊ देत होते का नाई, थे सांग."

मी पुन्हा सगळी कात्रणे काढली. पगार कमी होताच. पण 20 ऑगस्ट 1976 रोजी ठिणगी पडली ती सक्तीच्या ओव्हरटाइमवरून. निघण्याच्या वेळी आणखी काम सांगितले गेले आणि जयाबेन कोट चढवून बाहेर पडल्या. त्याच दिवशी देवशी भुडिया या तरुण कामगाराला काम सावकाश करतो म्हणून काढून टाकण्यात आले होते. हा काळ उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचा होता, म्हणजे लोकांचे फोटोंचे रोल टपालाने ढिगाने येण्याचा. दिवाळीनंतर कापसाचे ढीग लागले की रेच्यावरच्या (सरकी काढण्याच्या यंत्रावरच्या) बायांना घरी जायची वेळ उरत नाही, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. पण सिझन हीच मालकाच्या घाईची आणि कामगारांच्या ताकदीची वेळ असते, हे मला आईच्या त्या प्रश्नानंतर उमगले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, नेत्याचे चरित्र लिहिण्याआधी त्या कारखान्यात माल कुठून येतो, कुठे जातो आणि गर्दीचा महिना कोणता, हे कागदावर मांडावे. ग्रनविकमध्ये माल टपालाने येई आणि टपालानेच परत जाई, हे कळल्याशिवाय कारखान्याजवळच्या क्रिकलवूड भागातील टपाल कामगारांनी नोव्हेंबर 1976 मध्ये कंपनीची टपाल हाताळण्यास दिलेला नकार एवढा मोलाचा का ठरला, ते समजत नाही.

दुसरी अडचण शब्दांची आली. आपण नोंदणी आणि मान्यता हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. ग्रनविकचे संपकरी एपेक्स या कामगार संघटनेचे सदस्य झाले होते आणि संघटना कायदेशीर होती. कंपनी तिला मान्यता देत नव्हती, म्हणजे वाटाघाटीला बसवत नव्हती. आपल्याकडे महाराष्ट्राच्या कामगार संघटनांविषयीच्या 1971 च्या कायद्याने मान्यतेसाठी किमान 30 टक्के सदस्यत्वाची अट घातली, तिच्याशी तुलना केल्यावर मला हा फरक नीट कळला.

याच मुद्द्यावर संपाचे भवितव्य ठरले, म्हणून इथे घाई करू नये. सरकारी सलोखा संस्थेला कामगारांचे मत घ्यायचे होते, पण आत काम करत असलेल्यांची नावे-पत्ते कंपनीने दिले नाहीत. संस्थेने संपकऱ्यांचेच मत घेऊन मान्यतेची शिफारस केली आणि सर्वांचे मत घेतले नाही या कारणावरून हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठाने, डिसेंबर 1977 मध्ये ती रद्द ठरवली. त्याआधी न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशी समितीने संपकऱ्यांना परत घेण्याची शिफारस केली होती, तीही कंपनीने मानली नाही. नावांची यादी ज्याच्या हाती त्याच्याच हाती निकाल गेला, हे वाचताना मला हजेरीच्या मस्टरसाठी भांडणाऱ्या आमच्याकडच्या बाया दिसत होत्या.

जयाबेन यांचे सिंहाचे उद्गार फार प्रसिद्ध आहेत. ही फॅक्टरी नसून प्राणिसंग्रहालय आहे, त्यात तालावर नाचणारी माकडे आहेत तसे सिंहही आहेत आणि आम्ही सिंह आहोत, असे त्यांनी व्यवस्थापकाला सुनावले. बहुतेक लेखन तिथूनच सुरू होते. माझ्या मते विद्यार्थ्याने ते मागे ठेवावे, कारण त्या उद्गारांपुढे पुढची दोन वर्षे झाकली जातात. जुलै 1977 मध्ये हजारो लोक कारखान्याच्या दारावर जमले होते. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जयाबेन आणि त्यांचे सहकारी कामगार संघटनांच्या मध्यवर्ती कार्यालयासमोर उपोषणाला बसले, तेव्हा त्यांच्याच संघटनेने त्यांचे सदस्यत्व निलंबित केले. हे प्रकरण लिहायला मला सर्वांत जास्त दिवस लागले. आपल्याच लोकांनी हात आखडता घेतला हे लिहिताना चळवळीला उणेपणा येईल, अशी भीती वाटते. तरीही ते लिहिलेच पाहिजे.

जुलै 1978 मध्ये संप मागे घेतला गेला. कोणालाही परत कामावर घेतले नाही. मी माझा प्रबंध इथेच संपवला होता. आईने वही मिटू दिली नाही; "मंग थे बाई पोट कशावर भरे?" असे तिने विचारले. पुढे जयाबेन यांनी हॅरोच्या कॉलेजात शिवणकाम शिकवले, ही माहिती माझ्याकडे होती आणि मी ती बिनमहत्त्वाची म्हणून वगळली होती. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री तो परिच्छेद मी हाताने लिहून शेवटच्या पानाला जोडला.