ट्रॅव्हल नर्सिंग करताय? टॅक्स आणि लायसन्सच्या या चुका टाळा

मार्च उजाडला की मला हमखास असा फोन येतो. “ताई, एजन्सीने ‘माझं कायमचं घर इथे आहे’ असा फॉर्म पाठवला होता, मी सही करून टाकली. आता सीपीए, म्हणजे टॅक्सचा हिशोब करणारा, विचारतोय, टॅक्स होम कुठे, म्हणजे करासाठी तुमचं घर कुठलं? काय सांगू?” अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंग करणाऱ्या, म्हणजे एजन्सीमार्फत थोड्या आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर वेगवेगळ्या राज्यांतल्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या आपल्या मुली ड्युटीवर औषधाचा डोस दोनदा तपासल्याशिवाय देत नाहीत. त्याच मुली हा फॉर्म लिफ्टमध्ये उभ्या उभ्या, मोबाइलवर बोट फिरवून सही करतात. मी स्वतः सात वर्षं ट्रॅव्हल करते, घर न्यू जर्सीत आहे, आणि सुरुवातीला यातल्या काही चुका मीही केल्या.

टॅक्स खातं आणि नर्सिंगचं लायसन्स देणारं बोर्ड दोघंही एकच विचारतात: तुझं घर कुठे? एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं उत्तर गेलं की गाडी अडते.

भत्ता म्हणजे बोनस नव्हे

समजा १३ आठवड्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, आठवड्याला ३६ तास. तासाला २२ डॉलर करपात्र पगार आणि राहण्या-जेवणाचा भत्ता आठवड्याला १,३०० डॉलर, बिनकराचा. म्हणजे एका कॉन्ट्रॅक्टमध्ये १६,९०० डॉलर भत्ता. हे पैसे करमुक्त का? कारण तुमचं एक घर दुसरीकडे चालू आहे, त्याचा खर्च सुटलेला नाही, आणि कामासाठी इथे राहायचा दुसरा खर्च पडतोय. पहिलं घरच नसेल तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय टॅक्स खात्याच्या लेखी तुम्ही फिरस्ते. जिथे काम तिथे घर. मग ते १६,९०० डॉलर सरळ पगारात धरले जातात, वर व्याज आणि दंड. एजन्सी सहसा फक्त तुमचा सही केलेला फॉर्म फाइलला लावते. खरं-खोटं सिद्ध करायची वेळ आली तर ते तुम्हालाच करावं लागतं.

ठरलेलं कामाचं ठिकाण नसेल तर आयआरएस तीन गोष्टी बघतं. घर असलेल्या भागात तुम्ही थोडंफार काम करता का? बाहेर असताना त्या घराचा खर्च दुहेरी पडतो का? आणि ते घर तुम्ही सोडून तर दिलेलं नाही ना, तिथे माणसं राहतात किंवा तुम्ही वरचेवर जाऊन राहता का? तिन्हींना हो असेल तर निर्धास्त. दोनांना हो असेल तर बाकीची परिस्थिती बघून ठरतं. एकालाच असेल तर फिरस्ते.

“सामान मावशीकडे आहे, टपालही तिथेच येतं” एवढ्याने भागत नाही. माझी खोली आत्याकडे आहे. पहिल्यांदा भाड्याचा विषय काढला तेव्हा तिला चक्क राग आला. “घरच्या मुलीकडून कसलं भाडं?” डायनिंग टेबलवर तिला कागद दाखवत तासभर समजावलं. आता दर महिन्याच्या १ तारखेला तिला चेक जातो, त्या भागात चालतं तेवढ्या रकमेचा, खाली ‘रूम रेंट’ असं लिहून, आणि आत्या ते उत्पन्न आपल्या रिटर्नमध्ये दाखवते. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे मी घराजवळच्या हॉस्पिटलमध्ये पर डीएम (गरज पडेल तशा सुट्या) शिफ्ट करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नालाही उत्तर आहे. नात्यात पैसे मागणं-देणं आपल्याला जड जातं, मला कळतं. पण फुकट राहण्याला दुहेरी खर्च म्हणता येत नाही.

पुण्यातल्या फ्लॅटचंही विचारतात. तो फ्लॅट या कामाला येत नाही: तिथे तुम्ही काम करत नाही, फारशा राहतही नाही. शिवाय ग्रीन कार्डवर कायमचं राहायला आलेल्या माणसाने ‘माझं घर भारतात’ असं लिहून देणं दुसऱ्याच अडचणीला आमंत्रण आहे.

‘घरापासून पन्नास मैल लांब काम असलं की भत्ता करमुक्त’ हा नियम मात्र डोक्यातून काढून टाका. एजन्सी किंवा हॉस्पिटल तो आपल्या सोयीने लावतात, आयआरएसचा असा नियम नाही. काम संपवून झोपायला घरी जाता येत असेल तर राहण्याचा भत्ता करमुक्त ठरत नाही, अंतर काहीही असो.

दुसरी चूक होते ती कॉन्ट्रॅक्ट वाढवताना. युनिट आवडतं, मॅनेजर चांगली असते, आपण एक्स्टेन्शन घेत जातो. एका भागातलं काम वर्षभराहून जास्त चालणार असं ज्या दिवशी दिसलं, त्या दिवसापासून ते तात्पुरतं राहत नाही आणि भत्ता करपात्र होतो. मधे दोन आठवडे भारतात जाऊन आलं म्हणून मोजणी शून्यावर येत नाही. पलीकडच्या रस्त्यावरचं हॉस्पिटल धरलं तरी भाग तोच.

टेक्ससमध्ये टॅक्स नाही, पण तुम्ही टेक्ससच्या नाही

ही माझी स्वतःची चूक. टेक्ससमध्ये पगारावर राज्याचा कर नाही, म्हणून पगारातून काही कापलं गेलं नाही आणि मी खुशीत होते. एप्रिलमध्ये न्यू जर्सीने हिशोब मांडला. राहत्या राज्याला तुमच्या सगळ्या कमाईवर कर लावता येतो, ती कुठेही झालेली असो. कॅलिफोर्नियात काम केलं तर तिथे अनिवासी रिटर्न भरायचं आणि त्या कराची वजावट घरच्या राज्यात मिळते. म्हणून आधी बाहेरच्या राज्याचं रिटर्न तयार करायचं, मग घरचं. टेक्ससला काही भरलेलंच नाही, तर वजावट कशाची? एजन्सीला घरच्या राज्याचा कर कापायला सांगा. ती तयार नसेल तर तिमाही आगाऊ कर भरा: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी.

टेक्सससारखाच पगारावर कर नसलेल्या साउथ डकोटात टपालपेटी भाड्याने घेऊन ‘मी तिथली’ म्हणायचा सल्लाही मिळेल. टपालपेटीत कोणी राहत नाही. घेऊ नका.

लायसन्स

नर्स लायसन्सर कॉम्पॅक्ट, म्हणजे एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानायचा राज्यांमधला करार, नव्या रूपात १९ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. टेक्सस, फ्लोरिडा, ॲरिझोना, न्यू जर्सी त्यात आहेत. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, ओरेगन नाहीत. या सगळ्या राज्यांत चालणारं मल्टिस्टेट लायसन्स एकच मिळतं, तेही राहत्या राज्याचं. राहतं राज्य कुठलं हे बोर्ड ड्रायव्हिंग लायसन्स, फेडरल रिटर्न आणि डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) वरून बघतं.

माझ्या एका मैत्रिणीने ॲरिझोनात असताना गाडीच्या इन्शुरन्ससाठी तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं. नर्सिंग लायसन्स न्यू जर्सीचं, भत्त्याच्या फॉर्मवर घर न्यू जर्सीत, आणि खिशातलं कार्ड म्हणतंय ॲरिझोना. पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या तपासणीत हे निघालं आणि सुरुवात काही आठवडे लांबली. तात्पुरत्या कामासाठी कॉम्पॅक्टमधल्या दुसऱ्या राज्यात गेलात तर काहीही बदलू नका. खरोखर बिऱ्हाड हलवलंत तर ६० दिवसांत नव्या राज्याकडे अर्ज करा. कॉम्पॅक्टबाहेरच्या राज्यात कायमच्या राहायला गेलात तर जुनं मल्टिस्टेट लायसन्स फक्त ते देणाऱ्या जुन्या राज्यापुरतं उरतं.

कॅलिफोर्निया किंवा न्यू यॉर्कचं वेगळं लायसन्स लागतं आणि त्याला वेळ लागतो. ते हातात येईपर्यंत घराचं डिपॉझिट भरू नका.

आपल्याकडच्या मुलींना सगळ्यात जास्त त्रास नावाचा होतो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर मधे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव, सोशल सिक्युरिटी कार्डवर तिसरंच काही. कॉम्प्युटरला ही तीन वेगळी माणसं वाटतात. विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाच्या गॅझेटची प्रत जवळ ठेवा, आणि पहिला अर्ज करण्याआधीच अमेरिकेतली सगळी कागदपत्रं एका नावावर आणा.

भारतातली खाती

एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत नाही. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एका दिवसासाठी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. आईबरोबरचं जॉइंट खातंही त्यात मोजायचं.

चूक आधीच झाली असेल तर

असा फोन करणाऱ्या एका मुलीचं घर कुठेच नव्हतं. न्यू जर्सीतली खोली तिने ट्रॅव्हल सुरू करतानाच सोडली होती. तिने एजन्सीला तसं लेखी कळवलं. पुढचं कॉन्ट्रॅक्ट पूर्ण करपात्र झालं, हातात थोडे कमी आले, पण घरकर्जासाठी दाखवायला खरा पगार वाढला. सरलेल्या वर्षाचं रिटर्न भरायचंच होतं, त्यात तिने भत्ता उत्पन्नात धरला. त्याआधीच्या वर्षासाठी १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरून फरकाचा कर दिला. आयआरएसची नोटीस येण्याआधी, स्वतःहून.