रेल ट्रेलवरची गोल फेरी: आखणी परतीच्या रस्त्यापासून

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ आणि स्लीपर काढून तिथे सायकलवाट केली की झाली रेल ट्रेल. पण रेल्वे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते, वळून परत येत नाही. गेलेल्या वाटेनेच परतायचं नसेल, तर उरलेला गोल गाड्यांच्या रस्त्यांनी जुळवावा लागतो. माझी आखणी या उरलेल्या भागापासून सुरू होते.

पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड कमी, त्यामुळे इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून जुने मार्ग बहुतेक ठिकाणी २ टक्क्यांच्या आत ठेवलेले असतात, म्हणजे ५० मीटर पुढे गेल्यावर फार तर १ मीटर वर. डोंगर आडवा आला की रेल्वे लांब वळसा घेते किंवा बोगद्यातून जाते. रस्ता त्याच डोंगराच्या माथ्यावरून ७-८ टक्क्यांनी चढतो. नकाशात परतीचा रस्ता रेल्वेपेक्षा आखूड दिसला की मला आनंद होत नाही. मी आधी तिथल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोजते.

हे मी भाच्याबरोबरच्या पहिल्या फेरीत शिकले. सकाळी २५ किलोमीटर ट्रेलवरून मजेत गेलो आणि १२ किलोमीटरचा रस्ता परतीसाठी ठेवला. ऐन दुपारी चढ सुरू झाला. मुलगा एक शब्दही न बोलता सायकल ढकलत चालत होता. ते बघून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून रस्ता सकाळी, पाय ताजे आणि रहदारी कमी असताना, आणि ट्रेल नंतर. चढ एकदाच काय तो रस्त्यावर चढून घ्यायचा आणि मग जुन्या रेल्वेच्या संथ उतारावरून तास-दीड तास खाली येत राहायचं. नदी, झाडी, पूल बघायला तेव्हाच मन मोकळं असतं. सोबत लहान मुलं किंवा नवखे असतील तर मात्र उलटं करा: ट्रेलने वर, रस्त्याने खाली. तेव्हा निघण्याआधी सगळ्यांचे ब्रेक स्वतः दाबून बघा.

ट्रेलचा चढ डोळ्यांना दिसत नाही, हेही लक्षात असू द्या. दीड टक्का चढ सपाटच वाटतो, पण २० किलोमीटरमध्ये तो ३०० मीटर होतो. अमेरिकेतल्या ग्रेट अलेगेनी पॅसेज या सुमारे २४० किलोमीटरच्या ट्रेलवर कंबरलँड या टोकाकडून निघालं, तर सर्वात उंच जागी पोचायला ३८ किलोमीटरमध्ये सुमारे ५३० मीटर चढावं लागतं. पिट्सबर्ग या दुसऱ्या टोकाकडून जवळपास तेवढीच उंची २०० किलोमीटरभर पसरलेली आहे. वाट तीच, फक्त दिशा बदलली. म्हणून ट्रेलच्या दोन्ही टोकांची समुद्रसपाटीपासूनची उंची वहीत लिहून ठेवा. वाऱ्याचा अंदाज मात्र आदल्या रात्री बघा, कारण उघड्या भरावावर समोरचा वारा चढापेक्षा जास्त दमवतो.

आता सांधे, म्हणजे ट्रेल आणि रस्ता जुळतात त्या जागा. ट्रेलवरून हवं तिथे बाहेर पडता येत नाही. वाट कुठे उंच भरावावर असते, कुठे डोंगर कापून केलेल्या खोल चरातून जाते. बाहेर पडायच्या खऱ्या जागा म्हणजे जुनी स्टेशनं आणि जुनी फाटकं. नकाशावर या जागांना खुणा करा. गोल जिथे जुळतो ती जागा यांतलीच हवी. शिवाय मध्ये सुटकेच्या एक-दोन जागा ठेवा, म्हणजे पाऊस आला किंवा कुणी दमलं तर फेरी आखूड करता येते. जुनं जंक्शन जवळ असेल आणि दोन्ही मार्गांवर ट्रेल झाली असेल तर नशीबच, मग रस्त्याचा तुकडा अगदी थोडा उरतो.

वेळेचा हिशोब मी ताशी १५ किलोमीटरने करते, वर थांबण्यासाठी तेवढ्याचा तिसरा हिस्सा. ४० किलोमीटरला साडेतीन तास झाले. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून रस्त्यावर असू नये. मावळतीचं ऊन मागच्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांत जातं आणि त्याला सायकल दिसत नाही.

बऱ्याच ट्रेलवर बारीक खडीची भुकटी दाबलेली असते. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर तिथे आणि डांबरावर दोन्हीकडे चालतात. पावसानंतर ही भुकटी मऊ पडून चाक धरून ठेवते, तेव्हा मी एक-दोन दिवस थांबते. ओल्या लाकडी फळ्यांच्या पुलावर वळायचं नाही, ब्रेक आवळायचा नाही. फाटकाजवळ रूळ शिल्लक असेल तर चाक काटकोनात न्यायचं.

वाटेत बोगदा असेल तर तो उघडा आहे का, हे आधी विचारा. ग्रेट अलेगेनीवरचा बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या एलरॉय-स्पार्टा या १९६०च्या दशकातल्या ट्रेलवर तीन बोगदे आहेत, सर्वात लांब एक किलोमीटरहून थोडा जास्त, आणि तिथे सायकलवरून उतरून चालतच जायचं असतं. आत गारठा असतो, छतातून पाणी ठिबकतं, मधोमध स्वतःचा हातही दिसत नाही. जाकीट आणि विजेरी पिशवीत तळाशी ठेवू नका. उन्हातून आत शिरण्याआधी तोंडाशीच मिनिटभर थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या, मग सगळे एका मागोमाग एक चालू लागा.