गड उतरायचा कसा: पुण्याहून एका दिवसाच्या वाटा

तोरण्यावरून उतरताना माझं उजवं मनगट मोडलं, त्याला आठ वर्षं झाली. रेलिंगचा अवघड टप्पा मागे पडला होता, पायथ्याच्या वेल्ह्यातली घरं दिसायला लागली होती, आणि मी भाचीशी बोलत बोलत डोंगराच्या सोंडेवरून खाली येत होते. डाव्या पायाखालचा मुरूम सरकला, मी हात टेकला, तेवढंच. चढताना मला आजवर खरचटलंसुद्धा नाही. नंतर बरोबरच्या बायकांना विचारत गेले, तर बहुतेकींचे मुरगळलेले घोटे आणि सोललेले गुडघे उतरणीवरचेच निघाले. म्हणून कुठला गड उतरायला कसा आहे, ते आधी सांगते.

सहकारनगरात माझं पोळीभाजी केंद्र आहे, सोमवारी बंद असतं. त्यामुळे माझे गड सोमवारचे. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी चालायला लागले, आता अठ्ठावन्न चालू आहे.

सुरुवात पर्वतीवर करा. 103 पायऱ्या आहेत, घराजवळ आहेत आणि उतरण्याचा सराव करायला याहून चांगली जागा पुण्यात मला सापडलेली नाही. पाठीवर तीन लिटर पाणी घ्या आणि सकाळी सहाला तीनदा चढ-उतार करा. चढ कसाही चढा. उतरताना मात्र कान पायाकडे ठेवा. पायरीवर पाऊल ‘धप्’ वाजलं, तर समजा की तुमचं वजन मांडीने धरलं नाही, गुडघ्यावर आदळलं. गुडघा किंचित वाकलेला ठेवा, वरच्या पायावर भार राहू द्या आणि खालचं पाऊल ठेवा, टाकू नका. पंधरा दिवसांत पाऊल वाजेनासं होतं. ते झालं की तळजाई किंवा वेताळ टेकडी. तिथे पायऱ्या नाहीत, खडी आणि माती आहे, म्हणजे खऱ्या वाटेची चव कळते.

पहिला गड सिंहगड, आतकरवाडीतून. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे. चढ साधारण 600 मीटरचा, सवय नसेल तर दीड ते दोन तास लागतात. वाट मळलेली आहे, चुकायची भीती नाही, मध्ये ताक-सरबतवाल्या मावशी बसतात. पण इतक्या पायांनी घासून तिथले दगड गुळगुळीत झालेत आणि त्यावर बारीक माती बसते. कातळावरचा मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेले साबुदाणे. तिथे टाच आधी टेकली की गेलात. पूर्ण तळवा एकदम टेकवा, पाऊल थोडं आडवं ठेवा, आणि कडेला गवताचा किंवा रुतलेल्या दगडाचा आधार दिसला तर मधली गुळगुळीत वाट सोडून तिकडून उतरा. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं. ते खाऊ नका असं मी, स्वतः स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेली बाई, कसं म्हणेन? पण अर्धपोटी खा आणि अर्धा तास बसा. भरल्या पोटी उतरताना पाय जड पडतात. वर गेलात की कल्याण दरवाजा बघितल्याशिवाय परत येऊ नका. बरेच लोक भजी खाऊन तिथूनच मागे फिरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

लोहगडाला लोणावळा लोकलने जा, मळवलीला उतरा. तिथून भाजे गाव, भाज्याची लेणी, मग गायमुख खिंड आणि लोहगडवाडी. लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली आहेत, जाता जाता नक्की बघा. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले गड गेले, त्यात लोहगड आणि राजगड दोन्ही आहेत. लोहगडाला बांधीव पायऱ्या आहेत, म्हणून लोक मुलाबाळांना घेऊन चपला घालून येतात. उन्हाळ्या-हिवाळ्यात ठीक. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि सुट्टीच्या दिवशी वरून-खालून माणसं एकमेकांना घासत जातात. भिंतीच्या बाजूने उतरा, दरीची बाजू वर येणाऱ्यांना द्या, घाईच्या माणसाला पुढे जाऊ द्या. विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांबट चिंचोळ्या माचीकडे, ओल्यात जाऊ नका. शेजारच्या विसापूरच्या पायऱ्यांवरून तर पावसात ओढाच वाहतो. त्यातून चढलेले लोक हौसेने तिथूनच उतरतात, ते करू नका. परतीच्या लोकलची वेळ सकाळीच बघून ठेवा, दुपारी गाड्या विरळ असतात.

राजगडाला गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट आहे आणि दुसऱ्या अंगाने पाली दरवाजाची. पहिल्या खेपेला पालीने चढा, पालीनेच उतरा. रुंद, बांधीव वाट आहे. चोर दरवाजाच्या वाटेने शेवटचा टप्पा खडा आहे, रेलिंग धरून जावं लागतं. तिथे उतरताना तोंड कातळाकडे करायचं, शिडी उतरतो तसं. बसून घसरत येणारे मी खूप बघितलेत. बसलं की पाय पुढे दिसतात पण ताबा जातो आणि सॅक मागे अडकून माणूस पुढे ढकलला जातो. एका दिवसात पद्मावती माची आणि बालेकिल्ला पुरे. सुवेळा आणि संजीवनी या दोन्ही माच्या करायला गेलात तर उतरताना अंधार पडणार.

तोरणा, 1403 मीटर, शेवटी ठेवा. वेल्ह्याकडची सोंड उघडी आहे, सावली नावालाच, आणि पाऊस संपून माती वाळली की घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी माती-खडी, सुरू होतो. घसाऱ्यावर एकाच्या डोक्यावर दुसरा असं उतरायचं नाही. अंतर ठेवा, आणि पायाखालचा दगड सुटला तर जोरात ‘दगड!’ म्हणून ओरडा. लाजू नका. धरायचंच असेल तर कारवीचा दांडा बुडाशी धरा. वाळकं गवत मुळासकट हातात येतं.

कात्रज ते सिंहगड ही जुन्या बोगद्यापासूनची साधारण 15 किलोमीटरची वाट पुष्कळांना पहिल्याच महिन्यात करायची असते. एकामागून एक टेकड्या आहेत, म्हणजे चढलेलं सगळं परत परत उतरायचं, आणि वाटेत भरवशाचं पाणी नाही. पर्वती, सिंहगड, राजगड झाल्यावर जा.

आता वेळ. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मावळतीच्या तीन तास आधी माथा सोडायचा, मग काहीही बघायचं राहिलेलं असो. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारून ढग भरून आले, तर तेवढीही वाट बघू नका, उघड्या माथ्यावर वीज पडते. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज, अत्तर, सिगारेट सगळं बंद.

निघायच्या आदल्या रात्री पायाची नखं कापा. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला आपटतो आणि नख काळं पडतं. माथा सोडण्यापूर्वी खाली बसून बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधा, घोट्याशी घट्ट. काठी असेल तर चढताना होती त्याहून वीतभर लांब करा.

डब्यात माझ्याकडे दशम्या असतात, दुधात भिजवलेल्या कणकेच्या, दिवसभर मऊ राहतात. बरोबर लसणाची कोरडी चटणी, काकडी, गूळ-शेंगदाणे. यातले गूळ-शेंगदाणे मी उतरणीसाठी राखून ठेवते आणि अर्ध्या वाटेवर खाते, कारण थकलेला माणूस पायाकडे बघत नाही. माझं मनगट मोडलं त्या दिवशी मी सकाळपासून एक दशमी आणि दोन घोट पाण्यावर होते. बायकांना एक मुद्दाम सांगते: आडोसा मिळणार नाही या धास्तीने पाणी कमी पिऊ नका. चार जणी असाल तर एक ओढणी धरली की आडोसा होतो.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घराचा जिना उतरून बघा. मांड्या थोड्या भरून आल्या असतील, ते चालतं. पण कठड्याला धरल्याशिवाय उतरता येत नसेल किंवा गुडघ्याच्या वाटीत टोचत असेल, तर पुढचा सोमवार राजगडाचा धरू नका, परत पर्वतीला जा.