उन्हाळी चवळी पेरताय? वाण नक्की कुठल्या व्हायरसला टिकतो ते आधी विचारा

फेब्रुवारी लागला, उन्हाळी चवळीची पेरणी तोंडावर आली आणि दुकानात गेलं की एकच ऐकायला मिळतं, घ्या हे, रोगप्रतिकारक आहे. मंडळी, कुठल्या रोगाला ते विचारल्याशिवाय पाकीट उचलू नका. मी दोन वर्षांपूर्वी विचारलं नव्हतं, पाकिटावर लिहिलंय म्हणून अर्धा एकर पेरली आणि एप्रिलमध्ये निम्मं रान हळद टाकल्यासारखं पिवळं, शेंगा बोटाएवढ्या अन् वाकड्या, बाजारात न्यायची लाज वाटावी अशा.

आता पुसा कोमलचंच बघा, चांगला वाण आहे, पण तो प्रतिकारक आहे जिवाणूजन्य करप्याला, मोझॅकला (व्हायरसने पानं चट्टेरी होतात तो रोग) नाही, आणि लोक एकच समजून चालतात. गोल्डन मोझॅकसाठी बघायचं तर वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेचे काशी कांचन आणि काशी उन्नती हे दोन्ही त्या व्हायरसला प्रतिकारक म्हणूनच दिलेत, झाड बुटकं, मांडव लागत नाही, आणि दिवस लहान-मोठा झाला तरी फुलतात म्हणून उन्हाळ्यातही चालतात.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण चवळीवर मोझॅक एकच नसतो. गोल्डन मोझॅक पांढरी माशी आणते, पानावर झगझगीत पिवळे चट्टे, मग अख्खं पान पिवळं. दुसरा मोझॅक काळ्या माव्याबरोबर येतो, त्यात शिरांच्या कडेने गडद हिरवे पट्टे आणि मधे फिकट, पान फुगून सुरकुततं, झाड खुजं राहतं. एका व्हायरसला टिकणारा वाण दुसऱ्याला टिकेलच असं अजिबात नाही.

आणि माव्याचा व्हायरस बियाण्यातूनही येतो, हे लक्षात ठेवाच. बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी जरूर लावा, मर आणि मूळकूज थांबते, पण व्हायरस दाण्याच्या आत असतो, वरून काही चोळून तो जात नाही. म्हणून उगवून पंधरा दिवस झाले की एकदा सगळ्या सरींतून चालत जा, पहिल्याच त्रिदली (तीन पानांच्या) पानावर मोझॅक दिसला आणि अशी झाडं रानभर एकेक विखुरलेली असली तर समजा बियाण्यातूनच आलाय, बांधाच्या कडेपासून सुरू होऊन आत सरकत असेल तर कीड बाहेरून घेऊन येतीय. (पूर्ण पट्टाच सारखा पिवळा अन् शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोहाची कमतरता असते, उगाच झाडं उपटत बसू नका.)

रोगट झाड सकाळी लवकर काढायचं, तेव्हा माशी सुस्त असते. आधी वरून पिशवी घालायची, मग मुळासकट उपटून लांब पुरायचं. बांधावर फेकलेलं झाड म्हणजे माव्याला आयतं घर.

फवारणीचं स्पष्ट सांगतो, पांढऱ्या माशीला व्हायरस पसरवायला झाडावर बराच वेळ रस शोषत बसावं लागतं त्यामुळे तिथे निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे, गरज पडली तर शिफारशीचं औषध, ह्याचा उपयोग होतो. मावा मात्र नुसती सोंड टोचून मिनिटभरात व्हायरस देऊन मोकळा होतो, औषधाने मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं, म्हणून पैसे बाटलीत घालण्यापेक्षा चवळीच्या दोन-तीन आठवडे आधी कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी लावा. उडत आलेला मावा आधी मक्यात सोंड खुपसतो आणि व्हायरस तिथेच पुसून जातो. चंदेरी मल्चिंग (जमिनीवर अंथरायचा प्लास्टिक कागद) असेल तर चंदेरी बाजू वर ठेवा, चमक मारली की दोन्ही किडी बसायला कचरतात. युरियाचा हात आखडता घ्या, लुसलुशीत शेंड्यावर मावा आधी येतो.

शेजारी भेंडी, टोमॅटो उभी असेल तर चवळी जमेल तेवढी लांब आणि जमेल तेवढी लवकर पेरा, मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात पांढरी माशी फार वाढते.

घरचं बी धरणाऱ्यांनी, कोकणातले अन् गोव्यात आळसांदे (तिकडची चवळी) करणारे तर नक्कीच, फुलोऱ्यातच रानाच्या मधली स्वच्छ झाडं निवडून त्यांना चिंधी बांधून ठेवायची. तोडणीला बायामाणसांना आधीच सांगून ठेवा की चिंधीच्या झाडाला हात लावायचा नाही, नाहीतर चांगल्या शेंगा पहिल्याच दिवशी टोपलीत जातात आणि शेवटी बियाला रोगट झाडाचंच उरतं.