संगणकावरच्या धड्याची स्क्रीन कशी मांडावी

शिकणाऱ्याला नवी माहिती एका वेळी साधारण चारच गोष्टींपुरती डोक्यात धरता येते. त्यातली एक जरी ‘पुढचं बटण कुठे आहे’ यात अडकली, तर धडा तेवढा हातचा गेला. म्हणून स्क्रीनवर काय ठेवायचं यापेक्षा काय काढून टाकायचं, हे आधी ठरवा.

सुरुवात आकृतीपासून करा. समजा, हृदयाच्या चित्रावर १ ते ८ आकडे आहेत आणि नावांची यादी खाली. शिकणारा ५ पाहतो, खाली येऊन ‘डावी जवनिका’ वाचतो आणि परत वर जाईपर्यंत ५ कुठे होता तेच विसरतो. सगळी शक्ती या ये-जामध्येच जाते. यादी काढून टाका, नाव त्या त्या भागावर किंवा अगदी लगत लिहा. मोबाइलवर आठही नावं मावत नसतील तर अक्षरं बारीक करू नका. आधी चार कप्पे दाखवा, पुढच्या स्क्रीनवर चार झडपा. ही नावं ओळखीची झाली की मगच रक्ताभिसरणाचं अॅनिमेशन लावा.

अॅनिमेशनचं वर्णन आवाजात द्या, कारण डोळे हालचाल तरी पाहतील किंवा मजकूर तरी वाचतील. रक्त झडपेतून जातं त्याच क्षणी त्याबद्दलचं वाक्य ऐकू यायला हवं. निवेदनातलीच वाक्यं जशीच्या तशी स्क्रीनवर छापणं ही सर्रास होणारी चूक. त्याने शिकणं घटतं, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण कमी ऐकू येणाऱ्यांना आणि ज्यांची ती भाषा नाही त्यांना मजकूर लागतोच. म्हणून सबटायटल काढून टाकू नका, चालू-बंद करायचं बटण द्या. अवघड संज्ञा मात्र कायम लिहिलेल्या असू द्या.

पार्श्वसंगीत नको. विषयाशी संबंध नसलेलं चित्र कितीही सुंदर असलं तरी नको.

व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा, पण घड्याळ बघून कापू नका. एक पायरी पूर्ण झाली की थांबा आणि ‘पुढे’ शिकणाऱ्यालाच दाबू द्या. ज्याला विषय येतो त्याला या पायऱ्या जाचक होतात. त्याच्यासाठी ‘थेट प्रश्नांकडे’ अशी वाट ठेवा.

मजकूर किमान १६ पिक्सेल, ओळींची उंची अक्षरांच्या १.६ पट. देवनागरीत याहून कमी ठेवली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडू शकतात. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) ४.५:१ पेक्षा कमी नको. बटणं किमान ४४ पिक्सेलची आणि प्रत्येक स्क्रीनवर त्याच जागी. उत्तर चुकलं तर नुसती लाल फुली पुरत नाही, का चुकलं ते त्या पर्यायाच्या शेजारीच लिहा.

तयार धडा चार-पाच नवख्या लोकांना द्या आणि त्यांची बोटं कुठे थबकतात ते पाहा. नंतर ‘आवडला का’ असं विचारू नका. ‘ही झडप नीट बंद झाली नाही तर रक्त कुठे जाईल?’ असं विचारा.