मोटेलचं जुनं वायफाय बदलण्याआधी

मोटेलचं वायफाय बदलताना नवे अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारे डबे) मागवणं हे कामांच्या यादीतलं शेवटच्या काही कामांपैकी एक आहे. बहुतेक ठिकाणी मात्र ते पहिलं होतं. मग डबे येऊन पडतात आणि ते लावायला केबलच नसते.

सुरुवात कागदावर करा. खोल्यांचा नकाशा काढून कुठली भिंत विटेची, कुठली काँक्रीटची, कुठली नुसत्या बोर्डाची आणि बाथरूम कोणत्या बाजूला, हे लिहा. टाइल, पाण्याचे पाइप आणि मोठा आरसा मिळून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल चांगलाच खातात. मग फोनमध्ये वायफाय अ‍ॅनालायझर टाकून प्रत्येक खोलीत दार बंद करून, पलंगाच्या उशाशी रेंज मोजा. उणे ६७ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं एकक) कमकुवत आकडा, म्हणजे उणे ७० वगैरे, आला की त्या खोलीवर खूण करा. दार उघडं ठेवून घेतलेला आकडा फसवा असतो. मोजणी फोननेच करा, लॅपटॉपने नको, कारण फोनचा अँटेना बहुधा कमजोर असतो आणि पाहुण्याच्या हातात तोच असतो.

मग जुन्या सामानाची नोंद. प्रत्येक उपकरणाचं मॉडेल, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), कुठल्या पोर्टला जोडलंय आणि वीज कशी मिळते, हे लिहून घ्या. जुने काही एपी २४ व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज सोडणाऱ्या साध्या अडॅप्टरवर, चालतात. नव्या प्रमाणित पीओई (केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचला ते जोडले तर सुरू होत नाहीत, आणि तो इंजेक्टर नव्या उपकरणाला लावायचा नसतो. तो बाजूला काढून चिठ्ठी चिकटवा. वायफायवर पाहुण्यांखेरीज काय चालतं तेही शोधा: कार्ड मशीन, प्रिंटर, टीव्ही, दाराच्या कुलपांचा गेटवे (कुलपं नेटवर्कला जोडणारा डबा). बदलाच्या दिवशी बोंब होते ती यांचीच. यातली बरीच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत ओळखत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी जुन्या डब्ल्यूपीए२चं वेगळं वायफाय नाव राखून ठेवा.

खरं काम केबलचं. प्रत्येक एपीपर्यंत स्वतंत्र केबल हवी. वायरलेस रिपीटर एकाच रेडिओवर ऐकून पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. १६ खोल्यांच्या मोटेलला जाड भिंती असतील तर दोन खोल्यांमागे एक म्हणजे ८ आणि रिसेप्शनला एक, असे ९ एपी धरा. प्रत्येक जागी दोन केबल ओढा, एक वापरात आणि एक राखीव. शिडी एकदाच लावायची आहे. सरासरी ३० मीटर धरले तर ५४० मीटर होतात, म्हणजे ३०५ मीटरचे दोन बॉक्स. केबल कॅट ६ आणि शुद्ध तांब्याची घ्या. तारेचं टोक ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी चमक दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. पीओईच्या भाराखाली ते जास्त तापतं, व्होल्टेज पडतं आणि एपी रात्री-अपरात्री आपोआप रीस्टार्ट होत राहतो. दोन्ही टोकांना रंगक्रम एकच ठेवा, टी५६८बी. केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एक नीट दाबली गेली नाही तर लिंक बहुधा १०० एमबीपीएसवर उतरते. दिवा लागलेला असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. स्विचवर प्रत्येक पोर्टचा वेग वाचूनच पुढे जा. एकूण लांबी १०० मीटरच्या आत हवी. वेगळ्या इमारतीत जायचं असेल तर तांब्याऐवजी फायबर ओढा, म्हणजे विजेचा धक्का एकीकडून दुसरीकडे पोचत नाही.

एपी कॉरिडॉरमध्ये ओळीने टांगायचा मोह टाळा. तिथे ते एकमेकांना स्पष्ट ऐकू येतात आणि खोलीत मात्र भिंत ओलांडून जावं लागतं. शक्यतो खोलीतच बसवा. पॉवर पूर्ण ठेवू नका. एपी ओरडतो, पण फोनचा क्षीण आवाज त्याला परत ऐकू येत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ हेच चॅनल आणि २० मेगाहर्ट्झ रुंदी. ५ गिगाहर्ट्झवर २० किंवा ४०.

विजेचा हिशेब सोपा: ९ एपी गुणिले १३ वॅट म्हणजे ११७, चार कॅमेरे ७ वॅटचे म्हणजे २८, एकूण १४५. चतुर्थांश वाढीव धरून सुमारे १८० वॅट पीओई देणारा १६ पोर्टचा स्विच बघा. एपीला ८०२.३ एटी (जास्त वीज देणारं पीओई) लागत असेल तर हिशेब नव्याने करा. मोडेम, राउटर आणि स्विच यूपीएसवर.

सेटिंग टेबलावरच उरका, फर्मवेअरसकट (उपकरणातलं सॉफ्टवेअर). पाहुणे एका व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क), कार्ड मशीन आणि ऑफिस दुसऱ्यात. पाहुण्यांची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत म्हणून आयसोलेशन चालू करा, पण मग फोनवरून टीव्हीवर कास्ट होणार नाही, हे मालकाला आधीच सांगा. ‘रेंज फुल, नेट नाही’ ही तक्रार पुष्कळदा डीएचसीपीची, म्हणजे उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सोयीची, असते. १६ खोल्या, दोन माणसं, तीन उपकरणं म्हणजे ९६ पत्ते. लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) २४ तासांची असेल तर कालच्या पाहुण्यांचे ९६ अजून अडकलेले असतात आणि १०० ते १५० पत्त्यांचा साठा संपतो. लीज ८ तासांवर आणा किंवा /२३ हा मोठा पत्त्यांचा गट घ्या, त्यात ५१० पत्ते मिळतात.

बदल सकाळी चेक-आउटनंतर, एका वेळी एकाच बाजूचा. जुन्या राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घ्या आणि तो राउटर दोन दिवस कपाटात जोडायला तयार ठेवा. एपी म्हणून पुन्हा वापरायचा झाला तर आधी त्याचं डीएचसीपी बंद करा, नाहीतर दोन ठिकाणांहून पत्ते वाटले जातात. नवं सुरू झाल्यावर अ‍ॅनालायझर घेऊन पुन्हा एक फेरी मारा. बेडमागे किंवा पोटमाळ्यावर विसरलेला रिपीटर जुन्याच नावाने बोलत असेल, तर फोन त्यालाच चिकटतो.