इंजिनातून ‘सुस्स’ असा आवाज येत असल्यास दोष कसा शोधावा

बॉनेटखालून ‘सुस्स’ असा आवाज येऊ लागला की बहुतेक जण गाडी थेट गॅरेजमध्ये नेतात आणि ‘आवाज येतोय, जरा बघा’ एवढेच सांगतात. पण तो आवाज नेमका केव्हा येतो हे सांगता आले, तर निम्मा दोष तिथेच सापडतो. म्हणून बॉनेट उघडण्याआधी कान देऊन ऐकावे. आवाज सकाळी इंजिन थंड असताना येतो, सिग्नलवर उभे असताना येतो, ब्रेक दाबल्यावर येतो, की गाडी बंद केल्यावर येतो, हे वहीत टिपून ठेवावे.

दोन आवाजांच्या बाबतीत मात्र ऐकत बसू नये. मुंबईत सीएनजीवर धावणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत आणि भरलेल्या सिलिंडरमधला वायू सुमारे २०० बार इतक्या दाबाखाली असतो. इंजिन बंद असतानाही फुसफुस ऐकू येत असेल आणि सोबत वायूचा उग्र वास असेल, तर गाडी सुरू करू नये, कोणतेही बटण दाबू नये, दारे उघडी ठेवून सर्वांना दूर न्यावे आणि हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तरच सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह बंद करावा. पुढचे काम अधिकृत सीएनजी केंद्राचेच आहे.

दुसरा आवाज कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा ‘चर्रर्र’ आवाज येत असेल, गोडसर वास किंवा वाफ जाणवत असेल आणि तापमानाचा काटा वर सरकत असेल, तर एसी बंद करून गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. इंजिन पूर्ण निवेपर्यंत, म्हणजे किमान पाऊण तास, रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांवरही उकळत नाही, पण झाकण सैल होताच एकदम उसळते आणि हात-तोंड भाजते. गाडी निवल्यावर होज पाईपची टोके, झाकणाचे रबर आणि रेडिएटरचा तळ पाहावा. जिथून गळते, तिथे बहुधा वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत डाग दिसतो.

गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डच्या मागून अर्धा-एक मिनिट येणारी सुसकार बहुतेक वेळा एसीतल्या वायूचा दाब समान होत असल्याची असते. त्यासाठी खर्च करू नये.

आता मुख्य दोष. पेट्रोल गाडीत इंजिन हवा आत ओढते, आणि थ्रॉटल (हवेचे प्रमाण ठरवणारी झडप) आणि इंजिन यांच्यामधला एखादा रबरी पाईप चिरला असेल तर तिथून हवा चोरून आत शिरते. अशा वेळी उभ्या गाडीत आवाज स्पष्ट येतो, आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा वर-खाली होतो आणि कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. तपासणी मोकळ्या जागेत करावी, बेसमेंट पार्किंगमध्ये नव्हे, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी न्यूट्रलमध्ये व हँडब्रेकवर ठेवून, सैल बाह्या आवरून, हातभर लांबीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे टोक पाईपांच्या जोडांजवळून फिरवावे. पंखा आणि पट्टे यांपासून मात्र लांब राहावे. संशयाच्या जागी साबणाचे पाणी थोडेसे फवारावे, वायरिंगवर नको. पंक्चरवाल्याकडे दिसतात तसे बुडबुडे इथे येत नाहीत, कारण हवा बाहेर नव्हे, आत जात असते. पाणी पडताच आवाज क्षणभर दबला किंवा इंजिनची लय बदलली, की जागा सापडली असे समजावे.

ब्रेक दाबताना आवाज येत असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते कडक झाले की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर बूस्टर (इंजिनाच्या ओढीने ब्रेकला जोर देणारा डबा) किंवा त्याचा पाईप सदोष आहे आणि अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये. माझ्या गाडीत असेच झाले होते. एका गॅरेजने अख्खा बूस्टर बदलायला सांगितले. मी क्लिप सैल करून पाईप वाकवला, तेव्हा क्लिपखाली लपलेली, उंदराच्या दातांची नखाएवढी चीर उघडली. पाईप बदलला आणि पेडल पूर्वीसारखे झाले. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर कोरड्या, उबदार जागेसाठी बॉनेटखाली शिरतात, हे तेव्हापासून मी विसरलेलो नाही.

डिझेल गाडीत वेग वाढवताना सुसकार येऊन ओढ कमी झाली आणि काळा धूर निघाला, तर टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचा) पाईप निसटला आहे का ते पाहावे. थंड इंजिनातून ‘फटफट’ अशा ठोक्यांसह येणारा आणि तापल्यावर कमी होणारा आवाज सायलेन्सरकडच्या गॅस्केटचा (जोडातून धूर निसटू न देणाऱ्या पट्टीचा) असतो. तिथे काजळी दिसते, आणि ते काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

चिरलेल्या पाईपवर चिकटपट्टी गुंडाळणे घरी पोहोचण्यापुरतेच ठीक. नवा पाईप घ्यायला मुंबईत ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत जाताना जुना तुकडा सोबत न्यावा आणि आतला व्यास जुळवून घ्यावा. ब्रेकसाठी जाड भिंतीचा व्हॅक्यूम पाईपच मागावा. साधी नळी इंजिनाच्या ओढीने आत चेपते. बसवल्यावर क्लिप बोटाने फिरत नाही ना ते पाहावे आणि पेडलची चाचणी पुन्हा एकदा करूनच गाडी गेटबाहेर काढावी.